नऊ-नऊवर दिलेला फॉल्ट

आशियाई टेबल टेनिस स्पर्धा यंदा आपल्या देशात भरणार आणि पंचांच्या यादीत माझं नाव आहे, हे मला कळलं तेव्हा मी धानोऱ्याच्या शाळेच्या मैदानावर सहावीच्या मुलींची कवायत घेत होते. फोन नागपूरहून आला होता, बाईंचा. बाई म्हणजे ज्यांनी मला पंचाच्या खुर्चीत बसवलं त्या. सत्तरीकडे झुकल्या आहेत, पण आवाज अजून शाळेच्या घंटेसारखा.

"यादी पाह्यली का?"

"कोणती यादी, बाई?"

"अवं, आशियाईची! तुयं नाव आहे त्याच्यात. जंगलातून एकटीच तू."

मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. रांगेतली एक मुलगी पुढे आली. "मॅडम, रडून काऊन राह्यल्या?" रडत नाही, धूळ गेली, असं मी तिला सांगितलं. सगळ्या रांगेला ते खोटं आहे हे कळलं.

माझे अब्बा गडचिरोलीत सुतारकाम करतात. दारं, खिडक्या, दिवाण, लग्नात द्यायची कपाटं. मी नऊ वर्षांची असताना गावातल्या एका शाळेने त्यांना टेबल टेनिसचं टेबल करायला सांगितलं. अब्बांनी तो खेळ कधी पाहिलेला नव्हता. शाळेने एका कागदावर मापं लिहून दिली होती: लांबी नऊ फूट, रुंदी पाच, उंची अडीच. त्याखाली एक ओळ होती. एक फुटावरून चेंडू सोडला तर तो साधारण नऊ इंच उसळला पाहिजे, आणि टेबलावर सगळीकडे तेवढाच.

अब्बांना बाकीची मापं सोपी वाटली. शेवटच्या ओळीने त्यांना आठवडाभर झोपू दिलं नाही. सागाची चौकट झाली, वर प्लाय बसला, हिरवा रंग लागला. मग ते गुडघ्यावर बसायचे, डोळा टेबलाच्या पातळीत आणायचे, हातात उभी पट्टी धरायचे आणि मी चेंडू सोडायचे. वीतभर सरकून पुन्हा सोडायचे. एका कोपऱ्यात चेंडू दर वेळी मेल्यासारखा खाली पडायचा. अब्बांनी खाली वाकून पाहिलं, तर आतली एक पट्टी प्लायला नीट टेकलेली नव्हती. त्यांनी पूर्ण अर्धा भाग खोलला.

अम्मी म्हणाली, "अहो, लेकरं खेळणार आहेत. त्याहिले काय समजते?"

"लेकराहिले नसन समजत," अब्बा म्हणाले. "चेंडूले समजते."

टेबल पोचवायला मी हातगाडीसोबत गेले. शाळेच्या सरांनी माझ्या हातात बॅट दिली आणि तिथून माझं खेळणं सुरू झालं.

मी मोठी खेळाडू नव्हते, हे आत्ताच सांगते. फोरहँड बरा होता, पाय जड होते. जिल्हा खेळले, विभाग खेळले आणि चंद्रपूरला उपांत्य फेरीत दरवर्षी हरले. पुढे शारीरिक शिक्षणाची शिक्षिका झाले आणि पहिली नेमणूक एटापल्लीला मिळाली. सूरजागडच्या डोंगरावरून लोहखनिजाचे ट्रक खाली यायचे, आणि त्यांची लाल धूळ शाळेच्या टेबलावर बसायची. रोज सकाळी मुली आधी टेबल पुसायच्या, मग खेळायच्या. गुण गोंडीत मोजायच्या: उंदी, रंड, मुंड. अकरापर्यंत पोचता पोचता भांडण व्हायचं, आणि मिटवायला मला बोलावलं जायचं. पंचगिरीचा माझा पहिला सराव तोच.

मग एकदा मी मुलींचा संघ घेऊन चंद्रपूरला गेले होते. एक पंच आलाच नाही. पांढऱ्या केसांच्या, निळ्या कोटातल्या एक बाई सगळ्यांवर नजर फिरवत माझ्यासमोर थांबल्या.

"तू. मोजता येते ना?"

"येते."

"मग बस इथी. जे दिसलं तेच सांगजो. जे वाटलं ते नको सांगू."

मी दिवसभरात सात सामने केले. संध्याकाळी बाईंनी विचारलं, परीक्षा देते का. मला तोवर पंचांची परीक्षा असते हेच माहीत नव्हतं.

बाईंकडून मी नियम शिकले, पण त्यांनी मला ते पुस्तकातून शिकवले नाहीत, गोष्टींतून शिकवले. आशियाई स्पर्धा कोलकात्याला झाली तेव्हा त्या कॉलेजात होत्या, आणि गुणफलकाचे आकडे उलटायला म्हणून तिकडे गेल्या होत्या. तेव्हा गेम एकवीसचा असायचा, चेंडू आताच्यापेक्षा लहान. बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या. खेळाडू हातातल्या हातात बॅट फिरवायचे, त्यामुळे कोणत्या रबराने मारलं हे समोरच्याला कळायचंच नाही. मग समोरचे आवाजावरून ओळखू लागले, तर हे सर्व्हिस करताना जमिनीवर पाय आपटायला लागले, आवाज झाकण्यासाठी.

"म्हून मंग एक बाजू काळी आन एक लाल," बाई म्हणायच्या. "म्हून पाय आपटणं बंद. म्हून चेंडू लपवणं बंद. हे जे पुस्तक आहे ना, त्याच्यातल्या एकेका ओळीमागं कोणीतरी फसलं आहे."

पहिल्या आशियाई स्पर्धेची गोष्टही त्यांनीच सांगितली. ती झाली सिंगापूरला, आपला देश नुकताच स्वतंत्र झाला होता त्या काळात. तिथे आपल्या देशाने बायकांच्या खेळात सुवर्ण जिंकलं होतं. मी थक्क झाले. मला वाटायचं, हा खेळ चीन-जपान-कोरियाचा. आपण आपले बाजूला उभे राहून टाळ्या वाजवणारे. बाई म्हणाल्या, नाही, आपण सुरुवातीला होतो. नंतर वर्षानुवर्षं कुठेच नव्हतो. स्पर्धा बीजिंगला गेली, कोलकात्याला आली, दिल्लीला आली, लखनौला आली, आणि आपल्या मुली पदकाच्या आधीच्याच फेरीतून परत फिरत राहिल्या. आदल्या वर्षी आपल्या मुलींच्या संघाने आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलं, तेव्हा बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "आकडे उलटवत होतो ना मी, तवापासून वाट पाहून राह्यलो होतो." भारावल्या की बाई स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, आमच्याकडे बऱ्याच बायका बोलतात तसं.

आंतरराष्ट्रीय पंचाच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. नियम येत होते, पण प्रश्न इंग्रजीत होते आणि वेळ थोडा. एकेक वाक्य मनात मराठीत फिरवेपर्यंत बाकीचे पान उलटायचे. घरी येऊन मी अब्बांना सांगितलं. ते रंधा मारत होते, थांबले नाहीत. "कोणता कोपरा मेला ते समजलं ना? मंग तेवढाच खोल." पुढच्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली, मुली आयांसोबत तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेल्या, आणि मी, तोवर बदली होऊन आले होते त्या धानोऱ्याच्या खोलीत बसून, इंग्रजी नियमपुस्तक मोठ्याने वाचत राहिले. शेजारीण मला भूतबाधा झाली समजत होती. दुसऱ्यांदा पास झाले.

स्पर्धेच्या शहरात उतरले तेव्हा सोबत बॅग होती आणि नवीन निळा कोट. गडचिरोलीतला शिंपी नवरदेवांचे कोट शिवतो. बाईमाणसाचा कोट त्याने पहिल्यांदाच शिवला होता. खांदे जरा रुंद झाले होते. पण स्टेडियमच्या आत पाय टाकला आणि तेच रुंद खांदे बरे वाटले. एका रांगेत मांडलेली टेबलं, वरून पांढरा उजेड, आणि प्रत्येक टेबलाशी समोरासमोर पंचांच्या दोन खुर्च्या. त्यांतली एक माझी.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी मला पूर्वेकडच्या दोन मोठ्या देशांचा सांघिक सामना मिळाला. आपल्या देशाच्या सामन्यात आपल्याला बसता येत नाही, म्हणून आपले खेळाडू पलीकडच्या टेबलावर आणि मी इथे. लढती दोन-दोन झाल्या. पाचवी लढत ठरवणारी. तिच्यातला एक खेळाडू असा होता की ज्याची चित्रं एटापल्लीच्या मुलींनी वहीत चिकटवलेली होती. दुसऱ्याच गेममध्ये मला दिसलं, की तो सर्व्हिस करताना चेंडू पुरेसा वर फेकत नाही. नियम असा आहे की चेंडू उघड्या तळव्यावरून सरळ वर जायला हवा, निदान जाळीच्या उंचीएवढा. याचा त्याहून कमी जात होता, आणि म्हणून समोरच्याला फिरकी वाचायला वेळ मिळत नव्हता. मी खेळ थांबवला आणि त्याला ताकीद दिली. त्याने मान हलवली. पुढे दोन गेम चेंडू नीट वर गेला.

पाचव्या गेममध्ये नऊ-नऊ झालं.

सर्व्हिस त्याची होती. त्याने तळवा उघडला आणि चेंडू हातातून निघाला न निघाला तोच मारला. समोरच्याचा फटका जाळीत गेला. त्याच्या बाकावरचे सगळे उठून ओरडले.

माझा हात वर गेला होता. "फॉल्ट."

गुण समोरच्याला. दहा-नऊ, पण उलट्या बाजूने.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे प्रशिक्षक कठड्याशी आले आणि हात पसरून बोलू लागले. त्यांची भाषा मला येत नाही, पण अर्थ कळत होता: ही कोण, कुठली, नऊ-नऊवर फॉल्ट देते? आमच्या टेबलाला कॅमेऱ्याने तपासण्याची सोय नव्हती. निकाल होता तो फक्त माझ्या डोळ्यांचा. पण मनात शंका नव्हती. मला वाटलेलं नव्हतं. मला दिसलं होतं.

मुख्य रेफरी आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "काय पाहिलंत?"

मी इंग्रजीत सांगितलं, "चेंडू नियमाइतका वर गेला नाही. दुसऱ्या गेममध्ये मी ताकीद दिली होती."

ते प्रशिक्षकांकडे वळले. "पंचांनी जे पाहिलं ते मी बदलू शकत नाही. खेळ सुरू करा."

खेळ सुरू झाला. पुढची सर्व्हिस त्याने अशी केली की चेंडू त्याच्या डोक्याच्याही वर गेला. तो गुण त्याने जिंकला, दहा-दहा. मग दोन्ही गुण समोरच्याने घेतले आणि सामना संपला. मी गुणपत्रिकेवर सही केली.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. त्या हो हो करत ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नऊ-नऊवर हात वर कराले काळीज लागते. मी असती तर केला असता का, मले नाई सांगता येत." बाई स्वतःबद्दल असं कधी बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या हॉलमधून जात होते. तोच खेळाडू तिथे एकटा सर्व्हिसचा सराव करत होता. मला पाहून थांबला. मी मान खाली घालून पुढे जाणार, तेवढ्यात त्याने हाताने थांबा अशी खूण केली. मग तळवा उघडून त्याने चेंडू सावकाश, सरळ वर फेकला, झेलला, आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. "ओके?"

"ओके," मी म्हणाले. "व्हेरी गुड."

तो हसला आणि कमरेत वाकून त्याने नमस्कार केला. मीही वाकले. एवढ्या मोठ्या खेळाडूने आमच्याकडच्या एका शिक्षिकेला आपली सर्व्हिस तपासायला लावली, हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. सांगताना आवाज बदलतो, म्हणून. पण इथे लिहिताना लाज वाटत नाही. मला त्या सकाळचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी परतल्यावर दोन महिन्यांनी राज्यस्तरीय पंचांची परीक्षा पहिल्यांदाच गडचिरोलीत झाली, आणि परीक्षक म्हणून मला बसवलं. प्रश्न मराठीत काढले होते. आलेल्यांत बऱ्याच बायका होत्या: शिक्षिका, एक परिचारिका, आणि कुरखेड्याकडची एक शेतकरीण. धानाची मळणी नुकतीच उरकून ती आली होती. भावाच्या मुलीला खेळवता खेळवता ती नियम शिकली होती. तोंडी परीक्षेत मी तिला सर्व्हिसबद्दल विचारलं. तिने तळवा पुढे करून, चेंडू नसताना, सगळं करून दाखवलं. एकही चूक नव्हती.

"झालं," मी म्हणाले. "तुम्हाला काही विचारायचं आहे का, बाई?"

ती उठता उठता पुन्हा बसली. "थे आशियाई स्पर्धा आता कुठी होणार आहे?"

"अजून ठरायचं आहे. बाहेरच्या देशात होईल बहुतेक."

तिने थोडा विचार केला. "मंग त्याच्यासाठी मले काय काय लागन?"

मी तिला परीक्षांच्या पायऱ्या सांगितल्या, एकेक करून, आणि तिने सगळ्या लिहून घेतल्या. शेवटी म्हटलं, "आन पासपोर्ट काढून ठेवा."

तिने तेही लिहिलं.