दोघींचा दम

वलगावच्या माणिकबाईला गाण्याची आवड आहे असं कुणी म्हटलं, तर ती हात झटकायची. आवड ठेवण्याइतकी सवड तिला कधी मिळालीच नव्हती. पहाटे वाडीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, पालक, मेथी खुडायची, जुड्या बांधायच्या, मुलगा योगेश याच्या ऑटोत टोपली लादून अमरावतीच्या इतवारा बाजारात जाऊन बसायचं. दुपार उतरली की परत यायचं आणि उरलेल्या उजेडात पुन्हा वाडीत वाकायचं. साठी जवळ आलेली. गुडघे कुरकुरत होते, आणि सून रागिणी रोज म्हणायची की आता बाजार सोडा. तरीही गुरुवारी दिवेलागणीला ती तोंड धुऊन, लुगडं बदलून मारुतीच्या देवळाकडं निघायची. तिथं बायकांचं भजन मंडळ बसत असे.

ती गायची मागं. मंडळाची प्रमुख पंचफुलाबाई. ती पहिली ओळ म्हणायची आणि दहा-बारा जणी ती उचलायच्या. माणिकबाईनं एकटीनं कधी एक ओळही म्हटली नव्हती, आणि तशी इच्छाही तिला झाली नव्हती. दिवसभर तिचा आवाज भाव सांगण्यात आणि घासाघीस करण्यात खर्ची पडायचा. देवळात तोच आवाज दहा जणींच्या आवाजात शिरला की आपला कोणता हे तिला ओळखू यायचं नाही. तेवढ्या वेळात तिच्याकडं कुणी काही मागत नसे. कधीकधी टाळ वाजवता वाजवताच तिला डुलकी लागायची, तरी तोंड गात असायचं.

तिच्या उजव्या हाताला बसायची रुख्मिणी, तिची मोठी जाऊ. दोघी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूनं दोघींना भजनात बसवलं होतं. ओळीच्या शेवटी सूर लांबवर न्यायचा असतो, तो एका दमात कुणाला पुरत नाही. म्हणून शेजारच्या दोघींनी वाटून घ्यायचा. एकीनं श्वास घ्यायला सोडला की दुसरीनं धरायचा. ऐकणाऱ्याला तो अखंड वाटतो. शेतात निंदायला गेल्या, झेंडू तोडायला गेल्या तरी या दोघी तसंच गात राहायच्या. कुणी कधी सोडायचं हे त्यांना एकमेकींकडं बघून ठरवावं लागत नसे.

पण गेली नऊ-दहा वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

माणिकबाईचा नवरा सहदेव बाजारातून येताना मालाची गाडी उलटून गेला. रुख्मिणी तेव्हा पातूरला होती, मुलीच्या बाळंतपणाला. निरोप गेला, पण ती आली तिसऱ्या दिवशी. अंगणात येऊन तिनं माणिकबाईच्या खांद्यावर हात ठेवला. माणिकबाईनं तो बाजूला केला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर रुख्मिणीनंही पुन्हा हात पुढं केला नाही. अंगण एक, धुण्याचा दगड एक, दारं समोरासमोर. मुलं, सुना इकडून तिकडं जात, भाजीची वाटी जाई-येई, पण या दोघींमध्ये शब्द नव्हता. सुरुवातीला तो राग होता. पुढं नुसती सवय झाली, आणि सवय मोडायचंही त्राण दोघींत उरलं नाही.

भजनात मात्र पंचफुलाबाईनं त्यांच्या जागा बदलू दिल्या नाहीत. माणिकबाई दुसरीकडं बसायला गेली, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की भांडण घरी ठेवा, इथं जागा त्याच राहतील. त्यामुळं अंगणात एकमेकींकडं न बघणाऱ्या या दोघी गुरुवारी मांडीला मांडी लावून बसत. एक सोडायची, दुसरी धरायची. भजन संपलं की एक पुढं निघायची आणि दुसरी मुद्दाम चपला शोधत मागं राहायची.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर माणिकबाईच्या लक्षात आलं की रुख्मिणी सूर लवकर सोडते आहे. आधी तिला वाटलं, ही मुद्दामच आपल्यावर भार टाकते. ती चिडली. घरी येऊन रागिणीला म्हणाली की काही लोकांना आयतं लागतं, गाण्यातसुद्धा. पण पुढच्या गुरुवारी रुख्मिणीनं आणखी लवकर सोडलं, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी तर शब्दाच्या मधेच. माणिकबाई न ठरवताच आधी धरू लागली. मग तिला रुख्मिणीच्या दोन श्वासांच्या मधे एक बारीक घुरघुर ऐकू आली, चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या छातीत असते तशी. इतक्या आवाजांत ती दुसऱ्या कुणाला ऐकू येण्यासारखी नव्हती.

तिनं पंचफुलाबाईच्या कानावर घातलं. पंचफुलाबाई म्हणाली, मग तिलाच सांग. ते काही होणार नव्हतं. तिनं योगेशकरवी नत्थुजींना, म्हणजे रुख्मिणीच्या नवऱ्याला, निरोप पाठवला. नत्थुजींनी वयाचा थकवा म्हणून तो सोडून दिला, कारण रुख्मिणीनं घरात कुणाला काही सांगितलंच नव्हतं. माणिकबाई बाजारात बसे, जुड्या विकी, आणि मधेच तिच्या कानात ती घुरघुर वाजे. बोलणं म्हणजे हार खाणं, असं तिनं इतकी वर्षं मानलं होतं. आता त्या हारजितीचाही तिला कंटाळा आला होता.

एका सकाळी रुख्मिणी धुण्याच्या दगडावर बसली होती. एक लुगडं पिळून ती बराच वेळ नुसतीच बसून राहिली. माणिकबाई आपली बादली घेऊन गेली आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"बाई, तुमाले दम पुरून नाही राहिला."

रुख्मिणीनं मान वर केली नाही. "कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पायजे? मी बाजूलेच बसतो न."

रुख्मिणी लुगड्याचा पिळा हातात धरून बसली. मग म्हणाली, "रात्री आडवं होता येत नाही मले. भिंतीले टेकून बसल्या बसल्या झोपतो. पोळ्यापासून असंच हाय."

"घरी काऊन नाही सांगतलं?"

"सांगाचाई कंटाळा येते, माणिक."

दहा वर्षांनंतर तिनं नाव घेतलं होतं. माणिकबाईनं तिच्या हातातला पिळा घेतला, दोरीवर वाळत घातला, आणि नत्थुजींच्या दारात जाऊन उभी राहिली. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, ती कधी फार बोलत नसे. त्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं की योगेशचा ऑटो बाहेर आहे, बाईंना आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे, तुम्ही येता का?

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप निकामी होत आली आहे, फुप्फुसात पाणी भरतं आहे. आधी औषधांनी पाणी कमी केलं, मग नागपूरला ऑपरेशन झालं. रुख्मिणीची मुलगी पातूरहून आली, पण तिच्या मुलांच्या शाळा होत्या, ती किती दिवस राहणार? नत्थुजी वॉर्डाबाहेर नुसते बसून राहत. आत राहिली माणिकबाई. बाजार बंद, वाडी रागिणीवर टाकलेली. ती खाटेखाली चटई टाकून पडे. नर्सनं हाक मारली की उठे. झोप मिळत नसे, आणि सगळे दिवस सारखेच वाटत.

अशाच एका दुपारी रुख्मिणी छताकडं बघत म्हणाली, "सहदेवचा निरोप आला तवा मी निघालो होतो. थैली हातात होती. पोरीचं रक्त थांबून नव्हतं राहिलं. तशी टाकून कशी येऊ?"

माणिकबाई संत्रं सोलत होती. "मले मालूम हाय," ती म्हणाली. "तवाच मालूम होतं."

"मंग?"

"मंग काय. कोनावर तरी राग काढाचा होता. देवावर काढून भागत नव्हतं."

तिनं फोडीतल्या बिया काढल्या आणि फोड रुख्मिणीच्या हातात दिली. रुख्मिणीनं ती खाल्ली. मग तिनं अजून एक मागितली. त्या विषयावर दोघी परत कधी बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर रुख्मिणीला बरं व्हायला फार वेळ लागला. दोन्ही घरांचा स्वयंपाक माणिकबाई आणि रागिणी करत. माणिकबाईचा चेहरा उतरला, ती बसल्या जागी पेंगू लागली. लोक म्हणत की दहा वर्षांचा अबोला सुटला, केवढा आनंद झाला असेल. माणिकबाईला आनंद वगैरे काही शोधायला वेळ नव्हता. आता हाक मारली की समोरच्या दारातून ओ येते, एवढा फरक तिला कळत होता.

रुख्मिणीला देवळापर्यंत चालणं जमत नव्हतं, म्हणून एका गुरुवारी पंचफुलाबाईच मंडळ घेऊन अंगणात आली. बायका सतरंजीवर बसल्या. सगळ्या शेतातून, मजुरीवरून आलेल्या, कुणाच्या पायाला अजून माती होती. रुख्मिणी खाटेवर उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी जोर लावू नका म्हणून सांगितलेलं. तिच्या जागेवर पंचफुलाबाईनं रागिणीला बसवलं. रागिणीला कुठं सोडायचं, कुठं धरायचं काही कळत नव्हतं. माणिकबाईला एकटीनंच ओढावं लागलं, तिचा श्वास दोनदा तुटला, आणि दोन्ही वेळा पलीकडच्या बायकांनी सावरून घेतलं.

गाणं थांबलं तेव्हा रुख्मिणी रडत होती. पंचफुलाबाईनं विचारलं, दुखतं का? रुख्मिणीनं नाही म्हणून मान हलवली.

"इतके वर्षं मी आत बसून म्हणलं," ती म्हणाली. "भाईरून कसं आयकू येते, ते मले मालूमच नव्हतं."

मग एकीनं विचारलं की कसं ऐकू येतं? रुख्मिणी म्हणाली, "कोनी कामाले हाक मारून नाही राहिलं, असं."

बायका हसल्या. माणिकबाईही हसली, आणि तिला जांभई आली. रागिणीनं चहा आणला. सगळ्यांनी तो हळूहळू प्यायला, कारण उठायची ताकद कुणातच नव्हती. नंतर एकेक जण गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घरी गेली. माणिकबाईनं सतरंजी झटकली, रुख्मिणीच्या गोळ्या दिल्या, उशी सरळ केली. खाटेच्या कडेला जरा टेकते म्हणून ती बसली आणि बसल्या बसल्याच झोपली. रुख्मिणीनं तिला उठवलं नाही. पाय थोडे आखडून तिनं जागा करून दिली.