मांत्रिकाचे चिंचोके

मिठाच्या दाट पाण्यात फासा तरंगतो. त्याची एखादी बाजू जड असेल तर कितीही टिचक्या मारा, वर तोच आकडा येत राहतो. हे कुठंतरी वाचलं आणि रविवारी सकाळीच मी पातेल्यात मीठ विरघळवून वहिनीचा फासा तपासायला बसले. दादा बेसिनपाशी दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "माझ्या बायकोवर पाळत ठेवतेस होय?"

"तिच्यावर नाही, फाशावर," मी म्हटलं.

फासा दर टिचकीला नवा आकडा दाखवत राहिला. म्हणजे त्यात काही खोट नव्हती. माझं समाधान मात्र झालं नाही, कारण मी मुळातच संशयी आहे. भाजीवाल्याने मापात एक वांगं जास्त टाकलं तरी ते किडकं असणार असं मला वाटतं.

सिडकोतल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही एक खेळ खेळतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन पुढे काय करायचं ते ठरवायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. गोष्ट सांगण्याचं काम माझं. विकतच्या पुस्तकात बर्फातले किल्ले आणि आग ओकणारे प्राणी होते, त्यांचा कंटाळा आला म्हणून मी स्वतःच नियम लिहिले. त्यात त्र्यंबकच्या बाजूला दिसतात तसले डोंगर आहेत, गुहा आहेत आणि गुहांमधून राहणारे माझे राक्षस आहेत.

खेळणारे तिघं. दादा भगत होतो आणि मंत्र म्हणून जखमा बऱ्या करतो. कॉलेजातला माझा एक मित्र येवल्याहून एसटीने येतो. त्याच्या घरी हातमाग आहेत आणि आठवडाभर तो पैठणी विणतो. रविवारी तो तलवारबाज असतो. वहिनी सुरुवातीला नुसती पोहे द्यायला यायची, मग कोपऱ्यात मेथी निवडत ऐकायला लागली आणि एके दिवशी जुडी बाजूला सारून म्हणाली, मला मांत्रिक करा.

मांत्रिकाची मला आधीपासून धास्ती होती. असल्या खेळात जादूवाल्यांना आवर घातला नाही तर बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. म्हणून मी नियम केला होता की तलवार हवी तितक्या वेळा चालवा, पण मंत्र मोजून मिळतील. प्रत्येक मंत्राला एक चिंचोका. आपले चिंचोके आपापल्या वाटीत ठेवायचे, मंत्र वापरला की एक माझ्या डब्यात टाकायचा. गोष्टीतल्या मंडळींनी मुक्काम करून झोप काढली की वाटी पुन्हा भरायची. तलवार दमत नाही आणि मंत्र संपतात, एवढ्या एका गोष्टीवर माझा सगळा तोल उभा होता.

आणि तो साफ कोलमडला. मित्राने तलवार उपसेपर्यंत वहिनीने राक्षस जाळलेला असायचा. असे बरेच रविवार गेले. शेवटी एकदा दारात चपला घालताना तो मला म्हणाला, "लय लांबून येतो गं मी. एसटीत अंग मोडून घ्यायचं आन् इथं येऊन वहिनींचा जाळ बघायचा. आता एक-दोनदा येईन, मग काय जमायचं नाय."

तो गेला की खेळ बंद, हे उघड होतं. दादा-वहिनी टीव्हीपुढे बसतील आणि मी माझी नियमांची वही माळ्यावर टाकेन. त्याहून वाईट म्हणजे कॉलेजातलं माझं असं एवढं एकच माणूस उरलं होतं. बाकीच्यांचे आता नुसते सणाला मेसेज येतात. मला तो जायला नको होता.

वहिनी काहीतरी लबाडी करते याबद्दल मला शंकाच नव्हती. फासा निर्दोष सुटला तेव्हा मी चिंचोक्यांकडे वळले. नवरा-बायको मांडीला मांडी लावून बसतात, तेव्हा दादा आपल्या वाटीतले गुपचूप तिच्या वाटीत सरकवत असणार. मी वहिनीच्या प्रत्येक चिंचोक्याला खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि त्या रविवारी गोष्ट सांगता सांगता डोळ्यांत तेल घालून बसले. एकही बिनठिपक्याचा चिंचोका तिच्या वाटीत आला नाही. दादा तर जांभया देत होता.

पण त्या पहाऱ्यात मला दुसरंच दिसलं. वहिनीची वाटी रिकामी झाली की लगेच कोणीतरी म्हणायचं, "वहिनींचं संपलं, चला, मुक्काम करू." हे वहिनी म्हणत नव्हती, दादाही नाही. म्हणायचा तो येवलेकर! पंगतीत शेजारच्याचं पान रिकामं दिसल्यावर आपण "इकडं भात आणा" म्हणून ओरडतो ना, अगदी त्या सुरात. मुक्काम किती करावेत यावर मी काही बंधन घातलं नव्हतं. त्यामुळे दर लढाईला वहिनी भरल्या वाटीने उतरायची आणि हा स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेऊन वर माझ्याकडे तक्रार करायचा.

मी त्याला फोन लावला. "तू मुक्कामाला थांबतोस कशाला? तिचे मंत्र संपले की मगच तुझी पाळी येते. खेळच तसा बांधलाय मी."

"मग काय, बाईमाणसाला रिकाम्या हातानं राक्षसापुढं न्यायचं?"

"ती मांत्रिक आहे रे!"

"असंल. वाटी तर रिकामीच हाय ना. आपल्याला नाय जमत ते."

माझा संताप झाला. त्याच दिवशी मी नियम लिहिला की गोष्टीतल्या एका दिवसात मुक्काम एकच.

पुढच्या रविवारी तो आला, पण आल्या आल्या सगळं घर नीट बघून घेतलं. निरोप घ्यायला आलेला माणूस बघतो तसं. मला धसका बसला. खेळात त्यांनी सकाळीच मुक्काम उरकला आणि दुपारी डोंगरावरच्या गुहेत शिरले. तिथे राक्षसांची पहिली टोळी वहिनीने नेहमीप्रमाणे जाळली. मागून दुसरी आली तेव्हा तिने वाटी उपडी करून दाखवली. "माझं संपलं बाई."

"मुक्काम," मित्र म्हणाला.

"मिळणार नाही," मी म्हटलं.

तो वाटीकडे बघत राहिला. मग सतरंजीवरून उठून उभाच राहिला. "वहिनी, दादा, तुम्ही आत सरका. गुहेच्या दारात मी थांबतो."

त्यानंतर तो जो लढला तो लढला! फासा टाकायचा, ओरडायचा, पुन्हा टाकायचा. तलवार मोडली तर मुठीनेच हाणायला लागला. दादाने आपला शेवटचा चिंचोका त्याच्यावर खर्च केला. वहिनी दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. शेवटचा राक्षस पडला तेव्हा मित्राचा चेहरा असा फुलला होता की मला भरून आलं. त्याची नेहमीची बस कधीच गेली होती. वहिनीने त्याला आग्रहाने जेवायला बसवलं.

निघताना तो म्हणाला, "तुझा नवा नियम झ्याक हाय. पुढल्या रविवारी जरा लवकर सुरू करू."

मी ऐटीत मान डोलावली आणि आत येऊन सतरंजी उचलायला लागले. वहिनीच्या जागेवर पोह्यांची रिकामी ताटली होती. ताटली उचलली तर तिच्याखाली एक चिंचोका. उलटा करून बघितला तर लाल ठिपका.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. मी चिंचोका तिच्यापुढे धरला.

"एक मंत्र शिल्लक होता तुझा. दुसरी टोळी तूच जाळू शकली असतीस."

"होता का?" ती म्हणाली. माझ्या तळहातावरून तो उचलून तिने डब्यात टाकला. मग ताटल्या गोळा करता करता, माझ्याकडे न बघता बोलली, "त्या दिवशी तो दारात बोलला ना, तेव्हा मी दाराआड केर काढत होते."

तेव्हापासून मित्राचा एकही रविवार चुकलेला नाही. येवल्यात सगळ्यांना तो माझ्या नियमाचं कौतुक सांगतो म्हणे. इथेही सांगतो. तेव्हा वहिनी समोर बसून कोथिंबीर निवडत असते आणि म्हणते, "ताईंच्या नियमाला तोड नाही." चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. खेळ संपला की सतरंजी मीच उचलते, आणि आधी तिची ताटली उचलून तिच्याखाली बघते.