मुंबईची गोळी

माझ्या बायकोचा आजार मी दिलेल्या गोळ्यांनी झाला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरलासुद्धा नाही. डॉक्टरनं विचारलं तेव्हा बायकोच माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसून राहिलो. आणखीही एक गोष्ट आहे, ती तर तिलाही ठाऊक नाही. तीही लिहितो, पण तिथवर पोचायला मला वेळ लागेल.

मळवलीत मी एका बंगल्याचा केअरटेकर आहे. शनिवार-रविवार पाहुणे येतात, सोमवारी मी खोल्या झाडतो. लोक चार्जर विसरतात, लहान पोरांचे मोजे विसरतात आणि गोळ्या विसरतात. कुणाचा घसा धरलेला असतो, कुणाचं पोट बिघडलेलं असतं. चार गोळ्या खाल्ल्या की बरं वाटतं आणि उरलेलं पाकीट उशाखाली राहतं. टाकून द्यायला माझा जीव होत नसे. एवढी महागाची औषधं! बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मी ती जमवायचो. कोणत्या पाहुण्यानं कशासाठी घेतली ते कानावर पडलेलं असायचं, तेच पाकिटावर पेनानं लिहायचो. ताप. घसा. जुलाब. लघवीची जळजळ.

हळूहळू आळीत माझं नावच डॉक्टर पडलं. शेजारची मावशी दारातूनच हाक मारायची, "ओ डागदर, गुडघा लय ठणकतोय. मुंबईची गोळी हाय का? हितली नगं बाबा, हितल्या गोळीनं निस्ती झोप येती."

मी डब्यात बघून द्यायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी बदलणाऱ्या माणसाला कुणी डॉक्टर म्हटलं की बरं वाटतं.

बायको समोरच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. फक्त शनिवार-रविवारी, पण त्या दोन दिवसांसाठी ती आठवडाभर जगायची म्हटलं तरी चालेल. पाहुणे तिच्या भाकरीचे फोटो काढायचे. एकदा कुणी बाई आत येऊन तिच्याकडून मासवडी शिकून गेली, ते ती महिनाभर सांगत होती.

गेल्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. अंगात कणकण होती. मी 'घसा' लिहिलेल्या पाच गोळ्या दिल्या. खोकला कमी झाला, आठ दिवसांनी परत आला. मग दुसरं एक पाकीट होतं, दोन रंगांच्या कॅप्सूलचं. ते दिलं. त्या अँटिबायोटिक आहेत एवढं मला माहीत होतं. अँटिबायोटिक म्हणजे भारी औषध, एवढंच तेव्हा मला त्यातलं कळायचं.

खोकला गेला. त्यानंतर चार-पाच दिवसांत तिचं चालणं बदललं. बसली की चुळबुळायची. मला काही बोलली नाही. माझ्या आईला बोलली. चुलीपाशी दोघींची कुजबुज चालली होती, ती माझ्या कानावर आली.

"पांढरं जातंय आत्याबाई. दह्यावानी. आन खाज तर अशी की हात तोडून टाकावा वाटतोय."

"उष्णता हाय ती," आई म्हणाली. "तांदळाचं धुवण पी सकाळचं. आमी तेच प्यायलो."

ती रोज इंद्रायणी तांदळाचं धुवण प्यायला लागली. काही फरक पडेना, तेव्हा एके दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तुमच्या डब्यात ह्याच्यावर काय न्हाई का?"

होतं. 'लघवीची जळजळ' लिहिलेलं पाकीट होतं, त्यात सहा गोळ्या होत्या. त्याही अँटिबायोटिकच. मी त्या दिल्या. बंगल्यावर फरशी पुसायला जंतुनाशक ठेवलेलं असतं, तेही आणून दिलं आणि म्हणालो, पाण्यात टाकून धुवत जा. न्हाणीघरातून तिचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते; दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज होता. मी बाहेर ओट्यावर बसून तो ऐकला आणि तिथून उठून गेलो. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. ओलसर लुगडं नेसून ती दिवस काढायची. मला जवळ येऊ देईना. कशी येऊ देईल? पण तेव्हा मी मोबाईलवर शोधत बसलो होतो आणि कुठंतरी एक ओळ वाचली, की असे काही आजार संबंधातून लागतात. ती ओळ डोक्यातून जाईना. समोरच्या बंगल्यावर एक ड्रायव्हर यायचा. बायकोला वहिनी म्हणायचा, जेवताना म्हणायचा, "वहिनी, तुमच्या हातची भाकरी खाल्ली की घरची कोरडी लागते." एवढंच. एवढ्यावरून मी संशयाचा इमला रचला.

आणि विचारलं. "हे कुणाकडून आणलंस?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "मला नीट बसता येईना झालंय, आन तुमाला हे सुचतंय व्हय?"

मला लाज वाटायला हवी होती, पण राग आला. आता ती दुसरी गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी मी समोरच्या बंगल्याच्या मॅडमना फोन केला. म्हणालो, घरच्यांना आता काम झेपत नाही, तुम्ही दुसरी बाई बघा. मात्र तिला मी सांगितलं म्हणून कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला. मॅडम भल्या. त्यांनी शुक्रवारी तिला फोन करून गोडीत सांगितलं, की आता पाहुणे कमी येतात, आम्हीच बघू काहीतरी.

त्याच शनिवारी समोर चार गाड्या लागल्या. एक दुसरीच बाई परात घेऊन आत जाताना बायकोनं ओट्यावरून पाहिली.

मला वाटलं होतं ती चिडेल, भांडेल, जाऊन विचारेल. तिनं वेगळाच अर्थ काढला. आईला म्हणाली, "वास येत आसंल माझा. खाजवताना बघितलं आसंल बंगल्याच्या बाईंनी. स्वयंपाकाला कोण ठिवंल आसल्या बाईला?"

त्या दिवसापासून ती माणसांत जाईनाशी झाली. गणपतीत शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेली नाही. दिवसातून तीन-तीनदा अंघोळ करायची, साबणानं घासघासून. ते मी बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिचा तो समज गेला असता. पण ते वाक्य बोललं की त्याच्यामागचं सगळंच बाहेर आलं असतं. उद्या बोलू, असं करत गणपती गेले.

शेवटी तिच्या बहिणीनं तिला ओढत तळेगावला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बरोबर गेलो. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मधे काही गोळ्या घेतल्या होत्या? अँटिबायोटिक?"

बायकोनं एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "खोकल्याच्या घेतल्या होत्या. मेडिकलमधून."

"आणि नंतर?"

"ह्याच्यावर पन घेतल्या. मेडिकलमधूनच."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ही एक बुरशी आहे, थोडीफार प्रत्येकीच्या अंगात असतेच. चांगले जंतूही असतात, ते तिला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकनं वाईट जंतूंबरोबर ते चांगलेही मरतात, आणि अँटिबायोटिक बुरशीला मारतच नाही. तिला मोकळं रान मिळतं.

"म्हंजे भात उपटलं आन तण ऱ्हायलं," बायको म्हणाली.

बाई हसल्या. "अगदी तसंच. तुम्ही वरून आणखी एकदा भात उपटलंत."

मी खिडकीकडे बघत होतो.

त्यांनी आत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. ह्या गिळायच्या नाहीत, असं दोनदा बजावलं. बाहेरून लावायला मलम दिलं. जंतुनाशक बंद, आतून साबण बंद, कपडे सुती आणि कोरडे. पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर यायचं, आताही साखर एकदा तपासून घ्यायची. साखर नंतर ठीक निघाली. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि हे कुणाकडून लागलं असं काही मनात आणू नका हं. बायका हेच ऐकून घेत घरी सहन करतात." त्यांनी हे मला बघून म्हटलं की सगळ्याच नवऱ्यांना म्हणतात, कोण जाणे.

बायकोनं हळूच विचारलं, "वास येतो का ओ ह्याला?"

"याला तसा वास नसतो. का?"

"काय न्हाई," ती म्हणाली.

परतताना रिक्षात ती पिशवीतली औषधं चाचपत होती. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "वास न्हाई म्हनल्या. मग बंगल्याच्या बाईंना कसं कळलं आसंल?"

मी म्हणालो, "काढून टाक ते डोक्यातनं."

आठवड्यात ती बरी झाली. डबा मी रिकामा केला. शेजारची मावशी तेव्हापासून मला 'कंजूस डागदर' म्हणते. पण बायको कामाला गेली नाही. बहिणीनं लोणावळ्यात एक जागा सांगितली, तर म्हणाली, "लोकांच्या अन्नाला हात लावायचा म्हंजे माझं मन धजत न्हाई." अजूनही पंगतीला वाढायला बोलावलं तर ती मागं भांडी घासायला बसते. शरीरातली बुरशी आठ दिवसांत गेली. हे कुठल्या गोळीनं जाईल ते मला कुणी लिहून दिलेलं नाही, आणि ते लिहून मागायला मी कुणाकडे जाऊ?

परवा तिनं परत विचारलं, भाकरी थापता थापता. "बाईंना कोण बोललं आसंल ओ?"

मी ताटावर बसलो होतो. घास तोंडात होता, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तिला कुणी बघितलं नव्हतं. कुणाला काही कळलं नव्हतं. फोन मी केला होता, संशयानं केला होता, आणि गोळ्याही माझ्याच होत्या. हे मला तिला समोर बसवून, तिच्या तोंडाकडे बघून सांगायचं आहे, आणि मॅडमनाही सांगायचं आहे की मी खोटं बोललो. इथं लिहून ते फिटत नाही.