मागच्या खोलीची कडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते—कारण आता पोटात ठेवणं होत नाही.

पांढुर्ण्यातलं आमचं घर म्हणजे पुढे सोपा, मधे स्वयंपाक, मागे एक खोली. त्या खोलीत मोठे दीर-जाऊ राहत. राज्यांची नवी वाटणी झाली, आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली आणि सरकारी नोकरीतल्या दीरांचं बिऱ्हाड तिकडे गेलं. नागपूर तुटलं म्हणून सगळं गाव हळहळत होतं. मी? मला खोली मिळाली होती. आतून कडी असलेली.

दुपारी कडी लावून काय करायची मी? काही नाही. डोक्यावरचा पदर काढून नुसती बसायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती—तोवर त्या घरात एकटी अशी कधी बसलेच नव्हते. सासूबाई म्हणत, "झोपाले लागते जागा. दुसरं काय काम तिचं?"

मग माझी धाकटी नणंद, शांता, पहिल्या बाळंतपणाला सौसरहून आली. सासूबाई म्हणाल्या, "शांती मांगच्या खोलीत राहीन. तुमी दोघं सोप्यात पडा."

सरळच होतं. बाळंतिणीला आडोसा नको? मला कळत होतं. तरी मी म्हटलं—आणि किती सहज म्हटलं—की खोलीत विंचू दिसला. सासऱ्यांनी कोपरे झाडले, काही निघालं नाही. "भेगीत गेला असन," मी म्हटलं. तान्ह्या पोराला तिथे नको, आम्ही दोघं जपून झोपू, हेही मीच म्हटलं. सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, "आमची सून लय धीट हाय."

विंचू नव्हताच.

शांताची बाज सोप्याच्या कोपऱ्यात पडली, दोरीवर टाकलेल्या लुगड्यामागे. संत्र्याचा मोसम, सासऱ्यांकडे बागवान, दलाल दिवसभर बसलेले. माणूस आला की शांता पोराला छातीपासून ओढून भिंतीकडे तोंड करायची. पोर रडलं की लुगड्याच्या अलीकडे कोणी तरी खाकरायचं. मी चहा घेऊन तिथूनच जायची. आणि दुपारी—कडी लावायची.

हळूहळू तिचं दूध आटलं. अळीव झाला, डिंकाचे लाडू झाले. सासूबाई म्हणाल्या, "लाडू इनं खाल्ले अन् पोरगं गाईच्या दुधावर. कशी माय होय व तू?" शांता वाटी-चमच्यानं पोराला गाईचं दूध पाजत राहिली. आणि मी तरी खरं कुठे सांगितलं?

पोरगं वाढलं, नोकरीला लागलं. पण त्याच्या पाठच्या लेकीला शांतानं अंगावर घेऊन पाहिलंच नाही. त्याच लेकीचे आता दिवस भरत आलेत. परवा भेटायला गेले, तर शांता तिला सांगून राहिली होती, "बाटली आताच आणून ठेव व माय. माह्या अंगावर दूध नव्हतं, तुह्या कुठून येईन?" हसत सांगत होती. इतक्या वर्षांनी, हसत.

मी तशीच उठून आले. पण घरी येऊन ठरवलं, आणि ठरवलं तेव्हा भूक लागली—पोटभर जेवले. किती दिवसांनी!

उद्या सकाळच्या मोटारीनं सौसरला जाते. लेकीनं बाटली आणायच्या आत सांगते—शांताबाई, तुमच्या अंगात काही कमी नव्हतं. तुमचा आडोसा मी अडवून बसले होते.

मग शांतानं मला आत घेतलं काय, दारातून परत पाठवलं काय.