आधी मासळी, मग जावई

भरतीबापू खाडीच्या धक्क्यावर उभे राहिले, की बोटी हाकणारे आडदांड तांडेलसुद्धा शाळकरी पोरांसारखे हात वर करून आपली पाळी विचारीत. पालघरला तहसील कचेरीबाहेर बसून मी अर्ज लिहितो, त्यामुळे अधिकार म्हणजे काय हे मी पुरते जाणतो. बापूंजवळ शिक्का नव्हता, नेमणूकही नव्हती. होता तो एक लाल पंचा आणि पैलतीरी पोहोचणारा आवाज.

आमच्या खाडीचे तोंड अरुंद. बोट आत येणार ती एका वेळी एकच, आणि तीही भरती असेपर्यंत. ओहोटी लागली की मागे राहिलेल्या बोटी चिखलात बसतात. म्हणून बापूंचा क्रम ठरलेला : मासळीने भरलेली बोट आधी, रिकामी शेवटी. "मानूस थांबंल, मासळी कशी थांबंल?" असे ते विचारीत. भांडणाऱ्याचा नंबर ते आणखी मागे ढकलीत. त्यामुळे आमच्या धक्क्यावर शिव्यासुद्धा गोड आवाजात दिल्या जात. आता बापू नाहीत. क्रम मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये लागतो आणि शिव्या मोकळेपणाने देतात.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, चंदाचे, लग्न एडवणच्या मुलाशी ठरले. वऱ्हाड बोटीने आले, आणि नेमकी त्याच भरतीला बोंबलांनी भरलेल्या बोटींची रांग लागली. वऱ्हाडाच्या बोटीत मासळी नाही, सबब नंबर शेवटचा! तोवर पाणी उतरले असते आणि मुहूर्त चिखलात रुतला असता.

"आवो, जावाय हाय तो तुमचा!" बापूंची बायको ओरडली.

"हाय ना. पन रिकामा हाय."

मी योग्य त्या गांभीर्याने मध्यस्थी केली. "बापू, मुहूर्त हादेखील नाशवंत माल आहे, असे माझे नम्र निवेदन आहे."

"मग त्याला बर्फ लाव, अर्जवाल्या!"

सारा धक्का हसला. हसली नाही ती चंदा. हळदीच्या अंगाने ती पुढे आली आणि बापाच्याच आवाजात गरजली, "आरं, कुनीतरी त्याच्या बोटीत बोंबील टाका रं!"

शेजारच्या बोटीने चार पाट्या उलट्या केल्या. नवरदेव बाशिंगासह घोटाभर बोंबलांत उभा राहिला. बापूंनी पंचा हलविला. "आता कसा भरलेला हाय! येऊ दे!" भटजींनी नाक धरून मंगलाष्टके म्हटली, पण अक्षता मुहूर्तावर पडल्या.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला बोटी बाहेर सोडायच्या होत्या. बापू एकेक बोट सोडीत राहिले. जिला घाई नव्हती तीही सोडली. मुलीची तेवढी बांधलेली. पाणी उतरू लागले.

"मामा, आमचा नंबर?" जावयाने भीत भीत विचारले.

"लागंल, लागंल."

लागला तेव्हा बोट चिखलात बसली होती. चंदा नऊवारी सावरीत उतरली आणि बापासमोर उभी राहिली. "बाबा, मुद्दाम केलं ना?"

"चुकली गं भरती माझी," असे म्हणून बापूंनी तोंड फिरविले आणि घराच्या दिशेने आरोळी ठोकली, "आगं, चूल पेटव! चंदा जेवायला हाय!"