बारा फूट पाण्यातलं पिस्तूल

साक्षीदार क्रमांक नऊ. नाव: दुधराम सीताराम हातझाडे. वय: अंदाजे छप्पन्न. राहणार: उमरबोडी, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. धंदा: शेती व इतर. शिक्षण: चौथी, सही येते. ओळखखूण: डाव्या पायाचा अंगठा आखूड. सदर इसम प्रतिष्ठित असून त्यास परिसराची संपूर्ण माहिती आहे, सबब पंच म्हणून लायक. शेरा, वेगळ्या शाईत: फितूर.

दोषारोपपत्रात दुधरामच्या वाट्याला एवढंच आलं. पिस्तुलाला साडेतीन पानं मिळाली. ते मुठीत मावणारं होतं, सहा इंची, देशी बनावटीचं. परराज्यातल्या कुठल्याशा लेथवर जन्मलं, एका गल्लेवाल्याच्या कपाटात दरोडेखोरांची वाट पाहत आठ वर्षं पडून राहिलं, दरोडेखोर न आल्यामुळं त्याच्या मेव्हण्याकडं गेलं, तिथून जुन्या मोटरसायकलीबरोबर भेट म्हणून एका ट्रक ड्रायव्हरकडं, आणि ट्रकबरोबर कोहमाऱ्याच्या नाक्यावर. माणसाचा एवढा सविस्तर इतिहास सरकार लिहीत नाही. त्यासाठी आधी कुणाला तरी मारावं लागतं. फेब्रुवारी २०२२च्या एका सायंकाळी कोहमाऱ्याच्या पानठेल्यासमोर ह्या पिस्तुलानं पंचायत समितीचे सदस्य योगराज लंजे यांना मारलं, दोन गोळ्यांत.

पोलिसांनी दोन महिन्यांनी कैलाशला धरलं. कैलाश योगराजचा ड्रायव्हर. निवडणुकीच्या आधी त्याला कामावरून काढलं होतं. कागदाचं म्हणणं असं की, कैलाशनं पिस्तूल उमरबोडीच्या तलावात फेकलं, आणि २२ एप्रिलला पोलिसांनी पाणबुड्यांकरवी ते 'सुमारे बारा फूट खोल पाण्यातून, पाळीपासून चाळीस पावलांवर' दोन पंचांसमक्ष काढलं. दुसरा पंच मागच्या वर्षी वारला. उरला दुधराम.

कागदावरचं 'इतर' म्हणजे दुधराम गावच्या मालगुजारी तलावाचा पाणकर होता. शेताला पाणी सोडणं आणि बंद करणं हे त्याचं काम. त्याच्या पणजोबानं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकली होती, तेव्हापासून हे काम घरात. पाळीच्या आतल्या अंगाला तुडूम असतो, म्हणजे उभं दगडी नळकांडं, त्याला एकाखाली एक पाच भोकं, प्रत्येकाला लाकडी गुडदी, म्हणजे बूच. पाणी उतरत जाईल तसं वरून खाली एकेक भोक उघडायचं. दुधराम पाणी फुटांत मोजत नसे, भोकांत मोजत असे. तिसरं भोक उघडं पडलं की म्हशी मधोमध बसतात. पाचवं उघडं पडलं की पाळीपासून शंभर पावलं बैल चालतात.

त्या वर्षी पाचही भोकं मार्चमध्येच उघडली होती. गावाच्या ठरावाप्रमाणं दिवाळीनंतर खालची दोन भोकं उघडायची नाहीत. ते पाणी गुरांचं आणि ढिवरांच्या मासोळीचं. पण पाणीवाटप समितीचे अध्यक्ष गजेंद्र यांचा उन्हाळी धान तलावाखालच्या शेतात उभा होता, आणि अध्यक्षांनी सांगितलं, खोल. दुधरामनं खोललं. योगराजच्या रिकाम्या जागेवर नंतर गजेंद्रच निवडून आले. कायद्याच्या दृष्टीनं हा पुरावा नव्हे, आणि गावाच्या दृष्टीनं बातमी नव्हे.

पंचनाम्याच्या दिवशी दुधराम पाळीवर दातून करत बसला होता. पोलीस ठाण्याच्या छोटेलाल जमादारानं त्याला हाक मारली, चाळीस पावलं आत नेलं, भेगा पडलेल्या जमिनीकडं बोट दाखवलं. तिथं रुमालात पिस्तूल आधीच ठेवलेलं होतं.

"इथून निकला. सही मारो, दुधरामभाऊ."

"लिवलं का हाय?"

"जे निकला तेच लिवलं. कायले टेन्शन घेता?"

दुधरामनं सही मारली. खाली छापील ओळ होती: वाचून दाखवला, बरोबर आहे.

अडीच वर्षांनी समन्स आला, तेव्हा शाळेतल्या मास्तरानं त्याला तो कागद पहिल्यांदा वाचून दाखवला. बारा फूट पाणी ऐकून दुधराम आधी हसला. मग मास्तरानं खालची त्याची सही दाखवली.

साक्षीच्या आदल्या दिवशी गजेंद्र घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला, शांतीबाईच्या गुडघ्याची चौकशी केली.

"दुधराम, उद्या चार शब्द. पाणी होतं, पिस्तूल निघालं, सही माही हाय. झालं."

"पाणी नव्हतं, गजेंद्रभाऊ."

"योगराजले न्याय भेटावा का नाई भेटावा?"

"भेटावा ना. कैलाशनं मारलं का नाई, मले नाई मालूम. पाणी नव्हतं, थे मालूम हाय."

गजेंद्रांनी कप खाली ठेवला. "पाणी नव्हतं म्हणशील तं कोर्ट विचारल, काऊन नव्हतं. मंग भोकं कोनं उघडले? तुनं. समिती तुले पाणकर ठेवल का मंग?"

"उघडले मी. सांगितलं कोनं, थेही सांगीन."

गजेंद्र उठले. शांतीबाई दारापर्यंत पोचवायला गेली नाही. ते गेल्यावर तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"सई मारली तवा डोस्कं कोठी ठेवलं होतं?"

"पाळीवर."

"आता तं संग घेऊन जा. आन् कैलाशची माय मले रोज नळावर भेटते, हे ध्यानात ठेवजा."

गोंदियाच्या कोर्टात दुधराम धुतलेला सदरा घालून उभा राहिला. सरकारी वकिलांनी सवयीनं सुरुवात केली. सही तुमची? माझी. त्या दिवशी हजर होता? होतो. तुमच्यासमक्ष पाणबुड्यानं पाण्यातून पिस्तूल काढलं?

"नाई."

वकिलांनी चष्मा नाकावर सरकवला. "नीट आठवा. बारा फूट पाणी होतं."

"साहेब, जमादार साहेबाइच्या बुटाले चिखल नाई लागला."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं. हसणं थांबलं.

"तलावात एप्रिलमध्ये पाणी असतं की नसतं, हे तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

"मी पाणकर हाओ. पाचही भोकं उघडले होते. पाचवं उघडं असलं का तेथी बकरी चरते, पाणबुड्या काय करल?"

"भोकं कुणी उघडली?"

"मी. गजेंद्रभाऊनं सांगितलं म्हणून. ठराव मोडून."

न्यायाधीशांनी हे लिहून घ्यायला सांगितलं. टंकलेखकानं 'गजेंद्र' हे नाव टाइप केलं.

"मग सही का केली?" वकिलांचा आवाज चढला. "खोट्या कागदावर सही केली, म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता?"

दुधरामला समन्स आल्यापासून ह्याच प्रश्नाची भीती होती.

"तवा," तो म्हणाला. "तवा चुकलो. आता चुकत नाई. काय करा लागते थे करा."

वकिलांनी साक्षीदाराला फितूर जाहीर करण्याची विनंती केली, ती मान्य झाली. सरकारी भाषेत फितूर म्हणजे जो सरकारला हवं ते बोलला नाही तो. बाहेर जिन्यावर छोटेलाल जमादार भेटला. "बुटाचं बोलाची का गरज होती, भाऊ?" त्याच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपणच जास्त होतं. दुधराम म्हणाला, "तुमीच ईचारलं असतं तं तुमालेही सांगितलं असतं," आणि बसस्टँडकडं चालू लागला.

आठवड्याभरात समितीची बैठक झाली. दुधरामला पाणकरीवरून काढलं. कारण लिहिलं, गैरवर्तन. कैलाशचा खटला अजून चालू आहे, पण पाणबुड्याला आता कुणी साक्षीला बोलवत नाही. पिस्तूल सीलबंद पाकिटात आहे, त्याच्या चरित्रात नवी भर नाही.

ढिवरांच्या सोसायटीनं दुधरामच्या साक्षीची नक्कल काढली आणि तहसीलदारांपुढं ठेवली, कारण त्यात तलाव ठराव मोडून कुणी रिकामा केला हे शपथेवर आणि नावासकट होतं. त्या हिवाळ्यात खालच्या दोन भोकांच्या गुडद्या काढण्याचा आदेश नव्या पाणकराला कुणी दिला नाही.

दुधराम हातझाडे कागदोपत्री अजून फितूर आहे. यंदा वीस मेला उमरबोडीच्या तलावात, पाळीपासून चाळीस पावलांवर, कमरेइतकं पाणी होतं.