उलट्या बाजूनं पाहिलेला सिनेमा

झरीहून येणाऱ्या सकाळच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी आला आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, "बाई, कदमबाई गेल्या. परवा. पोटात गाठ होती म्हणायलेत. त्यांच्या भावानं तुमाला सांगा म्हणलं." त्याची गाडी रस्त्यावर उभी होती, तो तसाच परत गेला. मी वर्गात आले आणि राहिलेली हजेरी घेतली. सरस्वती कदम म्हणजे माझी सरू. आम्ही दोघी सहा वर्षं एका खोलीत राहिलो, एका चुलीवर जेवलो. तिच्या जाण्याची बातमी ऐकून मी शेवटच्या मुलीपर्यंत हजेरी पुरी केली, हे आधीच सांगून टाकते. पुढं माझ्याबद्दल जे सांगायचं आहे ते याहून बरं नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या संस्थेनं परभणीतल्या एका थेटरात तिची शोकसभा भरवली. थेटरात का, तर थेटराचे मालक संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे. सकाळी दहाची वेळ. आदल्या दिवशीच्या खेळाची टरफलं आणि विड्यांची थोटकं पायाखाली कुरकुरत होती. कोंदलेल्या घामाचा आंबूस वास सगळीकडे भरला होता. पडद्याखाली एका खुर्चीवर सरूचा फोटो ठेवला होता. अध्यक्ष उठले, त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "कदमबाई कलेच्या खऱ्या चाहत्या होत्या. मराठवाड्यातलं एक थेटर त्यांनी पाहायचं सोडलं नाही. अशा रसिक शिक्षिका आमच्या संस्थेला लाभल्या हे आमचं भाग्य." चार वर्षांपूर्वी हीच गोष्ट याच माणसानं आरोप म्हणून तिच्यावर ठेवली होती, आणि त्यासाठी तिला नोकरीवरून काढलं होतं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक होतं. सगळे माना डोलावत होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, तरी त्या थेटराचा वास अंगावरून जाईना... म्हणून हे लिहायला बसले आहे.

सरू झरीची, शेतकऱ्याची मुलगी. घरी जमीन बऱ्यापैकी होती. सतराव्या वर्षी नवरा वारला, तेव्हा भावकीचा विरोध पत्करून वडिलांनी तिला हैदराबादला वसतिगृहात ठेवून शिकवलं. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळांतलं उर्दू जाऊन मराठी आलं आणि मराठीतून शिकवणाऱ्या बायका मिळेनात. त्या दिवसांत आम्ही दोघी एकाच महिन्यात परभणीच्या कन्याशाळेत लागलो. मी सेलूची, घाबरट. ती उंच, काळीसावळी, मोठ्यानं हसणारी. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायची आणि खोलीवर आली की झरीचं. हैदराबादला असताना एकदा वसतिगृहाच्या बाईंनी चौघी मुलींना गाण्याच्या जलशाला नेलं होतं. मोठा हॉल, वर पंखे, आणि बायकांना पहिल्या ओळीत खुर्च्या. गाणारी बाई दहा हातांवर बसलेली. "कमल, तिच्या गळ्याची शीर हलताना दिसायची बघ," सरू सांगायची, "ते बघितल्याबिगर गाणं कळतंय व्हय?" हे मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! तसं बसून पुन्हा एकदा काहीतरी पाहायचं, ऐकायचं, एवढीच तिची इच्छा होती. त्यापायी आम्ही गावोगावची थेटरं हिंडलो. परीक्षेचं काम असो, शिक्षकांचं शिबिर असो, कुणाचं लग्न असो... गाव आलं, पिशवी टेकवली, की ती पहिल्यांदा विचारायची, "इथं थेटर कुठाय?"

त्या जागा कशा होत्या ते सांगते. नांदेडला नाटकाला गेलो, तर बायकांसाठी वर एक लाकडी सज्जा होता. त्याच्या वेताच्या खुर्च्यांत इतके ढेकूण की पहिला अंक संपेपर्यंत मांड्या सुजल्या. मध्यंतर झालं की खालचे पुरुष रंगमंचाकडं पाठ करून, खुर्च्यांच्या पाठीवर कोपरं टेकवून, आमच्याकडं तोंडं करून बसायचे. दुसरा अंक सुरू झाला तरी काहींच्या माना वळलेल्या असायच्या. हिंगोलीला सरकीच्या गोदामात नाटक होतं. तिथं बायकांपुढं बांबूच्या कामट्यांचा पडदा, चिक, सोडलेली, तिच्यावर कित्येक वर्षांचा तेलकट मळ. तिच्या फटींतून राजा दिसला तोही पट्ट्यापट्ट्यांचा, राणीही तशीच. शेजारची एक बाई चिकेला बोट लावून ते पदराला पुसत होती आणि पुन्हा लावत होती. मी म्हणायचे, पुरे झालं सरू, आता नको. ती म्हणायची, "नाटक वाईट न्हाई गं. बसायची जागा वाईट हाय."

पूर्णेला आम्ही शाळेतल्या एका शिक्षिकेच्या लग्नाला गेलो होतो. स्टेशनापलीकडच्या पटांगणात फिरत्या सिनेमाचा तंबू पडला होता. दिवस मावळल्यावर गेलो. पडदा तंबूच्या मधोमध बांधलेला. यंत्राच्या बाजूला पुरुष, आणि पडद्याच्या पलीकडं, म्हणजे मागच्या बाजूला, आम्ही बायका. सिनेमा सुरू झाला आणि पहिली नावं आली तीच उलटी. अक्षरं उजवीकडून डावीकडं पळत होती. नायिका डाव्या हातानं जेवत होती. मी शेजारच्या म्हातारीला विचारलं, इथं नेहमी असंच असतं का. ती म्हणाली, "असंच असतंय बाई. आमाला वाचाया कुठं येतंय, उलटं काय न सुलटं काय." तेवढंही मी सोसलं असतं. पण मर्दान्यातले, म्हणजे पुरुषांच्या बाजूचे, लोक मधूनच उठून यायचे आणि बाहेरून आमच्या बाजूच्या कनातीवर लघवी करायचे. धार कापडावर आपटल्याचा आवाज गाण्यातसुद्धा ऐकू यायचा. कापड ओलं होऊन आत ओघळ यायला लागला, तशा कडेच्या बायका पोरं मांडीवर घेऊन पुढं सरकल्या. त्यांच्या त्या सवयीच्या सरकण्याची मला त्या ओघळापेक्षा जास्त किळस आली.

सरू उठली. म्हणाली, "कमल, ऊठ."

"कुठं?"

"सुलट्या बाजूला."

मी उठले नाही. ती एकटी गेली. थोड्या वेळानं पडद्याच्या पलीकडून मॅनेजरचा आवाज आला, "बाई, जनाना पलीकडं हाय."

"पलीकडं सिनेमा उलटा दिसायलाय," सरूचा आवाज. "तिकिटावर तसं लिवलंय का तुमी?"

पुरुष हसले, कुणीतरी शिट्टी मारली. मग एक वयस्क आवाज आला, बसू द्या की हो, बसू द्या. ती खेळ संपेपर्यंत तिथं बसली. मी इकडं, ओल्या जमिनीवर पाय आखडून, उलटा सिनेमा पाहत राहिले. परत जाताना ती इतकी खुशीत होती की तिच्या अंगाखाली धड बसकर नव्हतं, आजूबाजूचे तिच्यापासून हातभर सरकून बसले होते, यातलं काही तिनं बोलून दाखवलं नाही. हे मला मागाहून कळलं. ती एवढंच म्हणाली, "लय सुंदर असतंय गं ते. बाई उजव्या हातानं जेवत होती."

पुढच्या हिवाळ्यात संस्थेनं ठरवलं की मुलींना एक बोधपर चित्रपट दाखवायचा. दुपारचा खेळ, साठ मुली, आणि सोबत आम्ही दोघी. थेटर तेच, जिथं पुढं शोकसभा झाली. त्याचा बायकांचा दरवाजा बाजूच्या बोळात होता, आणि तो बोळ हीच पुरुषांची मुतारी. आम्ही मुलींची रांग घेऊन गेलो तेव्हा चार-पाच जण भिंतीकडं तोंड करून उभे होते. ते हलले नाहीत. एकजण तर होता तसाच वळून उभा राहिला आणि हसला. मुलींनी परकर गुडघ्यापर्यंत उचलले, कारण खाली पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती. पाचवीतली एक मुलगी तिथंच ओकली. सरूनं सगळी रांग मागं फिरवली आणि मोठ्या दरवाजाशी आणली. गेटवरचा माणूस म्हणाला, "बाई, हा मर्दाना." सरू म्हणाली, "मग आज मर्दांना तिकडून जाऊ द्या. त्येंना ती जागा ओळखीची हाय."

मालक बाहेर आले. ते फार शांतपणे बोलले. "इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही. चांगल्या घरच्या बायका मान खाली घालून जातात."

"मान खाली घातली की ते पायाखालचंच दिसतंय, साहेब," सरू म्हणाली, आणि मुलींना घेऊन शाळेत परत आली. त्याच दिवशी तिनं नगरपालिकेला अर्ज लिहिला. दोन ओळींचा. बायकांचा दरवाजा आणि पुरुषांची मुतारी एकच आहे, यातलं एक बंद करावं.

आठवड्याच्या आत संस्थेची बैठक बसली. बोळाचा विषय तिथं कुणी काढलाच नाही. विषय असा की कदमबाई विधवा असून गावोगावची थेटरं हिंडतात, पूर्णेला तर पुरुषांत जाऊन बसल्या, मुलींवर याचा काय परिणाम होईल. मला आत बोलावलं. पाच जण होते, पुढं चहाच्या बशा. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "कमलबाई, पूर्णेला तुम्ही सोबत होतात?"

"होय."

"कदमबाई पुरुषांत जाऊन बसल्या होत्या?"

"होय."

"बस. एवढंच."

कारकुनानं लिहिलं, मी सही केली. उलटी अक्षरं, ओली कनात, पोरं मांडीवर घेऊन सरकणाऱ्या बायका... सगळं माझ्या जिभेवर होतं. मला विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. आणखीही कारणं आहेत आणि वाचकांना ती पटतीलही, म्हणूनच ती इथं देत नाही.

सरूला काढलं. झरीच्या मराठी शाळेत जागा रिकामी होती, तिथं भावानं खटपट करून तिला लावून घेतलं. तिनं ट्रंक भरली तेव्हा मी खोलीतच होते. माझ्या सहीचा कागद तिला दाखवला गेला होता. ती म्हणाली, "तू खोटं न्हाई बोललीस. पण पुढचं एक वाक्य होतं ना गं तुझ्याकडं?" मी रडायला लागले, तर तिनंच मला पाणी दिलं. त्या पाण्याचा तांब्या हातात घेताना मला स्वतःची जी शिसारी आली, ती आजवर गेलेली नाही. पुढं चार वर्षं तिची कार्डं येत राहिली. जिंतूरला नाटक आलंय, येतीस का? मानवतला गाणं हाय, येतीस का? मी दरवेळी परीक्षा असल्याचं लिहून पाठवलं. मी कायम झाले. बोळ जसा होता तसाच राहिला. शोकसभेच्या दिवशीही आम्ही सगळ्या शिक्षिका त्याच बोळातून, पदर नाकाला लावून आत गेलो. तिचा फोटो तेवढा मोठ्या दरवाजातून नेला.

गेल्या रविवारी मी झरीला गेले. सरूच्या भावाची बायको दारात आली. हात धुवायला पाणी दिलं आणि मला सरूच्या खोलीत नेलं. तिथं एक बाज, पुस्तकांची फळी, आणि कोपऱ्यात घडी घातलेली लांबलचक निळी सतरंजी. वहिनी सांगू लागली. आक्का, म्हणजे सरू, दर चार-दोन महिन्यांनी गावातल्या दहा-बारा बायकांना एसटीनं खेळाला घेऊन जायच्या. आधी जाऊन ही सतरंजी पडद्यासमोर, सुलट्या बाजूला अंथरायच्या. "मर्दांच्या कडेला आक्का, मंग आमी समद्या. पयल्या बारीला लय कालवा झाला. दुसऱ्या बारीला कमी. मंग जागा द्यायलेच की लोक." वहिनीनं सतरंजी उलगडली. तिच्या एका कडेला वीतभर काळपट लाल डाग होता. "ह्यो शेवटच्या बारीचा," ती म्हणाली. "आमी बसायच्या आदी कुणीतरी पान खाऊन थुकलं. मुद्दाम. आक्का तिथंच बसल्या, त्याच्यावरच. म्हणल्या, आपण उठलो तर त्येंचं जमतंय. त्या दिवशी पोटानं वाकल्या होत्या, तरी बसल्या."

मी आल्याचं ऐकून शेजारच्या सात-आठ जणी आल्या. वहिनीनं सतरंजी नीट अंथरली आणि त्या सवयीनं आपापल्या जागी बसल्या. कड मोकळी राहिली. दुसरी जागा नव्हती. वहिनी म्हणाली, "बसा की बाई. वाळलंय ते, दोनदा सोड्यानं धुतलंय. अंगाला लागत न्हाई." मी लुगडं सावरलं, त्या डागाकडं पाहिलं, आणि सतरंजी सोडून खाली सारवलेल्या जमिनीवर बसले. त्या बायकांनी ती जागा आक्काची म्हणून ठेवली होती. मी का सोडली ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे... वहिनीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खाली वाकून सतरंजीची ती कड हातानं सारखी केली.